सोळा भाज्या आणि बीयरच्या वाट्या

प्रमोदिनीबाईंना नागपूरला जाऊन चौथा दिवस उजाडला आणि गंगाधर खिरवडकरांना अंगणात चवळी सापडेना. वाफा जागेवर होता, पण त्यातली बावीस रोपं नव्हती. बावीसच, कारण आदल्या संध्याकाळी पाणी घालताना त्यांनी ती मोजली होती. आता तिथे बावीस हिरवे खुंट उरले होते, आणि ओल्या मातीवरून विटांच्या कडेपर्यंत चांदीचा वर्ख ओढावा तशा चकचकीत रेघा गेल्या होत्या.

गंगाधररावांची बत्तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात, मालगाड्या कुठे अडकल्या याचा माग काढण्यात गेली होती. रेघ आहे म्हणजे तिच्या टोकाला काहीतरी असणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते उकिडवे बसले, रेघेच्या मागे मागे सरकत कोपऱ्यातल्या विटेपर्यंत गेले आणि वीट उचलली. खाली बोटाएवढे, करडे, ओले, शंख नसलेले सात-आठ जीव एकमेकांना चिकटून पहुडले होते. पोट भरल्यावर माणसं दुपारी आडवी होतात तसेच.

"घोंघी आय, साहब," धुण्याची बादली घेऊन आलेली गोदावरी त्या गोगलगायींकडे बोट दाखवत म्हणाली. ती वीस वर्षांपासून या घरी कामाला होती आणि साहेबांना काही कळत नाही हे तिचं मत तितकंच जुनं होतं. "बिन खपरा के घोंघी. दीदी ला बता दव."

"दीदीले काही सांगायचं नाही," गंगाधरराव इतक्या ठामपणे म्हणाले, की गोदावरीने बादली खाली ठेवली.

दीदी म्हणजे प्रमोदिनीबाई, त्यांची बायको; आणि न सांगण्याला कारण तसंच होतं. त्यांची लेक गंधाली नागपुरात दिवस भरण्याआधीच बाळंत झाली होती. जावई कामानिमित्त दूर, सासरी मोठं कोणी नाही, आणि बाळ इतकं लहान की त्याला उचलायला तीसुद्धा घाबरत होती. प्रमोदिनीबाईंनी सव्वा महिना तरी तिथे राहायला हवं होतं. पण त्यांचा पाय निघेना. भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या होत्या. खिरवडकरांकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागत, आणि सोळाही घरच्याच अंगणातल्या. बाजारची काडीही चालायची नाही, असा गंगाधररावांच्या आईचा दंडक होता. आई गेल्या, दंडक राहिला. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या झाडून साऱ्या मराठी घरांना हे माहीत होतं, कारण गंगाधरराव ते दरवर्षी सांगत.

निघताना प्रमोदिनीबाईंनी रिक्षातून मान बाहेर काढून बजावलं होतं, "एक जरी भाजी गेली, तर मले फोन करा. मी मिळेल त्या गाडीनं येते."

"काही जात नाही भाजी. तू पोट्टीकडे पाहा."

आता चवळी गेली होती. फोन केला तर बाई खरोखरच गाडीत बसल्या असत्या, आणि तिकडे गंधाली सहा दिवसांचं बाळ घेऊन एकटी पडली असती. गंगाधररावांनी मनाशी ठरवलं, की भाज्या वाचवायच्या आणि प्रमोदिनीला काही कळू द्यायचं नाही. आयुष्यात प्रथमच बायकोपासून काही लपवायचं होतं आणि तेही भल्यासाठी. म्हणून त्यांना थोडा उत्साहही वाटला.

पहिला उपाय त्यांना स्वतःलाच सुचला. त्यांनी जाड्या मिठाचा पुडा फोडला आणि अंगणात शेतकऱ्याने पेरणी करावी तसं मीठ फेकलं. उपाय अचूक लागू पडला. सकाळी अकरा गोगलगायी चिमून पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शेपूही तशीच चिमून पडली.

"अहो काका, काकडीवर मीठ टाकलं की पाणी सुटते ना, तसंच आहे ते," शेजारच्या रीनाने कुंपणावरून सांगितलं. रीना शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. "गोगलगाय म्हणजे सारं पाणीच. मीठ ते ओढून घेते. पण मातीत गेलेलं मीठ मुळांचंही पाणी ओढते. त्याले काय समजते, कोण दुश्मन अन् कोण आपला."

गंगाधररावांनी वरची वीतभर माती खरवडून काढली, नवी माती घातली आणि शेपू पुन्हा पेरली. त्या दुपारी प्रमोदिनीबाईंचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्यांनी मांडवावरचा दोडका दाखवला. मग कारलं दाखवलं. मग पुन्हा दोडका दाखवला.

"किती वेळ वर वर दाखवून राहिले? जरा खाली दाखवा. शेपू दिसू द्या."

"नेटवर्क कमी आहे इथं खाली," गंगाधरराव म्हणाले.

दुसरा उपाय गोदावरीचा. तिने घरून चुलीची राख आणली. "राख म रेंगे नइ सकय," असं सांगत तिने प्रत्येक वाफ्याभोवती राखेचं कडं घातलं. कोरडी राख गोगलगायीच्या पोटाला चिकटते, तिचा ओलावा शोषते आणि तिला पुढे सरकता येत नाही. या कड्याने सबंध एक रात्र पालकाचं रक्षण केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रायपूरवर असा पाऊस कोसळला, की राख आधी खीर झाली आणि मग नाहीशी झाली. श्रावणात राख कोरडी ठेवायची तर वाफ्यांवर छत्र्या धराव्या लागल्या असत्या. गंगाधररावांनी घरातल्या छत्र्या मोजूनही पाहिल्या.

तिसरा उपाय त्यांनी मोबाइलवर वाचला. अंड्यांची टरफलं. खिरवडकरांच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. गंगाधरराव चौकातल्या ऑम्लेटच्या गाडीवर गेले आणि त्यांनी हलक्या आवाजात टरफलं मागितली.

"दादा, अंदर का माल भी मिलता है," गाडीवाला सहानुभूतीने म्हणाला.

"नहीं भैया. बस बाहर का."

ती पिशवी भरून आणलेली, धुतलेली, वाळवलेली, खलबत्त्यात कुटलेली टरफलं वाफ्यांभोवती पसरून झाल्यावर रीना कुंपणाशी आली आणि तिला फार वाईट वाटलं. "काका, कोणी सांगितलं तुम्हाला? गोगलगाय ब्लेडच्या धारेवरूनही चालून जाते. पोटाखाली चिकट रस असतो ना, तिले काही टोचतच नाही."

"मग तिच्यावर चालतं तरी काय?"

"वास," रीना म्हणाली. "आंबल्याचा वास आला की ती लांबून येते. सडकं फळ, बुरशी, यीस्ट. परदेशात लोक बागेत बीयरच्या वाट्या पुरून ठेवतात. वासानं येतात, पीत पीत आत पडतात, बुडतात. सगळ्यांत खात्रीचा उपाय तो. पण तुमच्याकडे..." ती थांबली. खिरवडकरांच्या उंबऱ्यावरचं हळदीकुंकू तिला तिथून दिसत होतं.

गंगाधरराव दोन दिवस विचार करत राहिले. त्या दोन दिवसांत चुका अर्धा झाला आणि अंबाडीला चाळणीसारखी भोकं पडली. तिकडून गंधालीचा फोन आला, "बाबा, आई आहे म्हणून मी दोन तास झोपले आज." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोजागरीच्या कार्यक्रमात मिळालेली कापडी पिशवी घेतली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि सरकारी दारूच्या दुकानासमोरच्या लोखंडी कठड्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत सगळे मुकाट्याने उभे होते. बँकेतही लोक इतक्या शिस्तीने उभे राहत नाहीत, हे त्यांनी मनाशी नोंदवलं.

"कौन सी, दादा?" जाळीआडून विचारणा झाली.

"बीयर. जिसकी बास सबसे दूर तक जाए, वो वाली."

जाळीआडचा माणूस जरा पुढे वाकला. "दादा, उमर में बड़े हो, इसलिए बता रहा हूँ. घर में छुपाना हो तो कम बासवाली लेते हैं."

"नहीं भैया, बास ही चाहिए. पीने वाले दूर-दूर से आने चाहिए."

"कितने लोग हैं?"

"पक्का नहीं बता सकते. पानी गिरा तो चालीस-पचास."

रांगेतून आदराची एक कुजबुज मागपर्यंत गेली. ती जिथे पोचली तिथे, पाचव्या नंबरवर, रीनाचा नवरा राकेश उभा होता. राकेश कॉलनीतल्या मराठी मंडळाचा सचिव होता आणि गणेशोत्सवात व्यसनमुक्तीवरचं व्याख्यान तोच ठरवत असे.

"काकाजी? तुम्ही?"

"गोगलगायींसाठी," गंगाधरराव म्हणाले.

राकेशने त्यांच्या कापडी पिशवीकडे पाहिलं. "हव," तो समजूतदारपणे होकारार्थी मान डोलवत म्हणाला. "मी पण एका पाहुण्यासाठीच आलो." आणि त्या दिवसापासून तो गंगाधररावांना रस्त्यात भेटला की पूर्वीपेक्षा जास्त आपुलकीने हसू लागला.

बीयर मात्र शब्दाला जागली. मातीत काठापर्यंत पुरलेल्या नऊ वाट्यांत पहिल्याच सकाळी छत्तीस गोगलगायी निघाल्या. दुसऱ्या दिवशी एकतीस. गंगाधररावांनी जुन्या डायरीत वाट्यांना नंबर देऊन रोजची आवक लिहायला सुरुवात केली. दहाव्या दिवशी आकडा चारवर आला. पुन्हा पेरलेली चवळी कंबरेत ताठ झाली, पालकाला अखंड पानं आली, शेपूची हिरवी लव दिसू लागली. पहाटे गार हवेत ते वाट्यांपाशी बसत आणि त्यांना बरं वाटे. एकटा माणूस काहीतरी बोलतोच, तसे तेही बोलत. "काय बाई, तुम्ही कालच्या गाडीनं नाही आल्या? लेट झाल्या?"

गोदावरी ओट्यावरून हे पाहत होती. मोरीशेजारच्या बाटल्या तिने पाहिल्या, वाट्या घासल्या, वास सहन केला. पुरुषमाणूस एकटा पडला की असं होतं, हे तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिने पाहिलेलं होतं. पंधरा दिवस तिने धीर धरला. तिचा धीर सुटला तो तांब्यामुळे.

कुंड्यांतल्या घोळाला आणि अळूला वाट्यांचा उपयोग होत नव्हता. गोगलगायी कुंडीवरून सरळ वर चढत. रीना म्हणाली, तांब्याची पट्टी लावा, तिच्या चिकट रसाशी तांब्याचा संबंध आला की तिला बारीक करंट लागल्यासारखं होतं आणि ती माघारी फिरते. पट्टी आणायला कुठे जायचं? गंगाधररावांची नजर देवघराकडे गेली. लग्नामुंजीत तामण द्यायची आपल्याकडे रीत असल्यामुळे खिरवडकरांच्या देवघराखालच्या कपाटात तामणं अकरा होती, आणि देवाला लागत होतं एक. त्यांनी देवाचं एक आत ठेवलं, उरलेली दहा चिंचेने लखलखीत घासली आणि प्रत्येकात एक-एक कुंडी नेऊन ठेवली. उपाय इतका चालला, की घोळाच्या कुंडीपर्यंत आलेली एक गोगलगाय तामणाच्या काठाला टेकताच पाय पोळल्यासारखी मागे वळलेली त्यांनी स्वतः पाहिली आणि टाळी वाजवली.

त्या दुपारी गोदावरीने नागपूरला फोन लावला. "दीदी, तुमन आ जावव. साहब बीयर ला कटोरी-कटोरी म ढारथे. भगवान के तामण ला गमला के खाल्हे रख दे हे. अउ बिहनिया ले कीरा मन संग गोठियाथे."

शेवटचं वाक्य प्रमोदिनीबाईंनी दोनदा म्हणवून घेतलं. कटोरीत बीयर त्या समजू शकल्या असत्या. पण किड्यांशी गप्पा?

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला तेव्हा गंगाधरराव नेहमीप्रमाणे दोडक्याखाली उभे होते.

"तब्येत कशी आहे?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. आवाज फार मऊ होता, आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्या आवाजाने गंगाधरराव सावध व्हायला शिकले होते.

"एकदम छान."

"एकटं एकटं वाटते का?"

"नाही. दिवसभर कामात असतो."

"जरा चालून दाखवा बरं."

"काहून?"

"असंच. फाटकापर्यंत सरळ चालत जा. फोन समोर धरा."

फाटकापर्यंत सरळ जायचं म्हणजे वाट्यांमधून जायचं. कॅमेऱ्यात वाट्या आल्या असत्या, तामणं आली असती आणि गोगलगायींची सगळी हकीकत उघडी पडली असती. गंगाधरराव कडेकडेने, वाट्या चुकवत, एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकत गेले. चवळीच्या वाफ्यापाशी त्यांचा तोल गेला आणि फोन आकाशाकडे वळला.

"दिसलं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाधरराव गुडघ्यावर बसून सात नंबरची वाटी रिकामी करत होते. वाटी निसटली, बीयर बनियनवर सांडली. ते "आता तुम्हाला कुठे ठेवू" असं वाटीतल्या एकीला म्हणत असतानाच फाटक वाजलं. प्रमोदिनीबाई बॅग घेऊन उभ्या होत्या. रात्रीच्या प्रवासाने डोळे लाल झाले होते. मागे, ओट्याच्या खांबाशी, गोदावरी पदर तोंडाला लावून उभी होती.

"किती दिवसांपासून चालू आहे हे?"

गंगाधरराव उठले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवसापासून," ते म्हणाले. "पहिले चवळी खाल्ली या गोगलगायींनी. मग मीठ टाकलं तर शेपू मेली. राख वाहून गेली. अंड्याच्या टरफलांवरून त्या चालून जातात. मग बीयर. वासानं येतात अन् बुडतात, सात नंबरच्या वाटीत सगळ्यांत जास्त. रीनाले विचार. तामणं मी घासून ठेवीन." ते थांबले. "तुले सांगितलं असतं तर तू पोट्टीले टाकून आली असतीस."

"अन् आता नाही आली का?"

प्रमोदिनीबाईंनी बॅग खाली ठेवली. त्यांनी नवऱ्याचा श्वास हुंगला, मग बनियन हुंगलं, मग वाकून वाटीत पाहिलं. वाटीत कोण होतं ते पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला, आणि त्या ओट्याकडे वळून म्हणाल्या, "गोदावरी, हे कीरा मन पीतात होय?"

"मोला का पता, दीदी," गोदावरी खजील होऊन म्हणाली. मग जरा पुढे आली. वाटीचा वास घेऊन तिने नाक मुरडलं. "खट्टा बास बर दारू काबर? बासी के पसिया नइ राख सकव?" पसिया, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजून आंबलेल्या भाताचं पाणी, तिच्या घरी रोज उरत होतं, आणि ते फुकट होतं. गंगाधररावांना लोखंडी कठड्याची ती रांग आठवली.

प्रमोदिनीबाई मात्र आता वाफ्यांमधून फिरू लागल्या होत्या. पदर खोचून, ओठांतल्या ओठांत. चुका. अंबाडी. पालक. चवळीची पालेभाजी. शेपू, कोवळी, पण आहे. मांडवाखाली दोडका, कारलं, पडवळ, काकडी. भेंडी, गवार, वाल. भोपळा, वांगी. तामणातला घोळ. तामणातला अळू. कुंपणाशी पोचून त्या वळल्या आणि परत पहिल्या वाफ्यापासून मोजायला लागल्या. गंगाधरराव लगबगीने मागे गेले.

"काय राहिलं?"

"सोळा आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"मग? सोळाच लागतात ना?"

"सोळाच लागतात." त्यांनी गोदावरीकडे पाहिलं. गोदावरी एकदम जमिनीकडे पाहू लागली. "आजपर्यंत कधी झाल्या नाहीत."

"काय?"

"पहिल्या वर्षी नऊ झाल्या. बाकीच्या या किड्यांनी खाल्ल्या. सासूबाईंना सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी अकरा. मग दहा. कधी बारा. उरलेल्या मी बाजारातून मागवत होते. आधी एक भाजीवाली आणून देत होती, आता वीस वर्षं झाली, गोदावरी पहाटे आणते, पिशवीत वर कपडे टाकून."

गंगाधरराव वळून वाफ्यांकडे पाहू लागले. या अंगणातल्या सोळा भाज्यांची हकीकत त्यांनी कंट्रोल ऑफिसात सांगितली होती, पाहुण्यांना सांगितली होती, मंडळाच्या स्मरणिकेत लिहिली होती. "म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना..."

"तुम्ही खरं समजून सांगत होते. तुम्हाला कशाले दोष," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, "पण हे कसं जमलं तुम्हाला? मले शिकवा ना. सात नंबरची वाटी म्हणजे काय?"

गंगाधररावांनी डायरी आणली. दोघं पायरीवर बसून सगळे आकडे वाचत गेली, आणि दहाव्या दिवसापाशी प्रमोदिनीबाईंनी "फक्त चार?" असं विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात जी असूया होती, ती गंगाधररावांना उभ्या संसारात मिळालेल्या कौतुकांपैकी सर्वांत खरी वाटली. नागपूरहून गंधालीचा फोन आला. "आई, बाबा कसे आहेत?" "बरे आहेत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी संध्याकाळच्या गाडीनं परत येते. आता महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवसापर्यंत इकडे यायचं काही काम नाही माझं."

संध्याकाळी बॅग घेऊन दोघं फाटकाबाहेर पडली, तेव्हा समोरून राकेश आला. प्रमोदिनीबाईंना पाहताच तो जागच्या जागी थबकला आणि त्याने गंगाधररावांच्या चेहऱ्यावर काही वाचता येतं का ते पाहिलं. काहीच न दिसल्यामुळे तो घाईघाईने बोलू लागला. "अरे वा, काकू. बगीचा तर एकदम मस्त दिसून राहिला. यंदाही सोळाच्या सोळा घरच्याच ना?"

गंगाधररावांनी मोठा श्वास घेतला. यंदा त्यांच्याजवळ आकडे होते, तारखा होत्या, डायरी होती. त्यांनी तोंड उघडलं आणि बाजूला बायकोकडे पाहिलं.

"हव," प्रमोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "दरवर्षीसारख्याच." आणि नवऱ्याच्या हातातली बॅग दुसऱ्या बाजूने धरून त्या स्टेशनच्या रिक्षेकडे चालू लागल्या.